शेड कार्ड सगळ्यात शेवटी: घराच्या रंगाचा माझा अनुभव

घर आतून रंगवायचं ठरलं तेव्हा मी घरच्यांकडे एकच हट्ट धरला, की शेड कार्ड सगळ्यात शेवटी उघडायचं. त्याआधी प्रत्येक खोलीत उजेड कुठून येतो, दिवसभरात तो कसा बदलतो आणि दिवे लागल्यावर तीच खोली कशी दिसते, हे वहीत टिपून काढायचं. सगळ्यांना रंगाची घाई होती, पण या टिपणांवरच पुढचे बहुतेक निर्णय सुटले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

भिंतीवर पडलेल्या उजेडातला जो भाग भिंत परत पाठवते, तो आपल्याला तिचा रंग म्हणून दिसतो. उजेडातच जे नाही ते भिंत कुठून आणणार? आमच्या बैठकीच्या खोलीत दुपारनंतर थेट ऊन येतं आणि दिवस कलला की ते केशरी होत जातं. मुलीच्या खोलीत थेट ऊन कधीच येत नाही. तिथे फक्त आभाळाचा उजेड असतो आणि तो निळसर असतो. एकच राखाडी एका खोलीत ऊबदार वाटणार आणि दुसरीत थंड, हे त्यामुळे आधीच कळलं.

संध्याकाळी सगळं पुन्हा बदलतं. बल्बच्या उजेडाची छटा केल्विन या मापात सांगतात. २७०० केल्विनचा बल्ब पिवळसर उजेड देतो, ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. घरात दोन्ही प्रकारचे दिवे मिसळून लावलेले होते. म्हणून रंगाआधी दिवे ठरवले. झोपायच्या आणि बैठकीच्या खोलीत ३००० केल्विन, अभ्यासाच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात ४०००. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, त्याकडेही मुद्दाम लक्ष दिलं. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो आणि तो जास्तीत जास्त १०० असतो. आम्ही ९० च्या वरचेच घेतले. दिवसा तंतोतंत जुळणारा पडदा आणि भिंत रात्री एकमेकांशी फटकून वागतात, हा अनुभव अनेकांना असेल. दोन्हींमधली रंगद्रव्यं वेगळी असतात, त्यामुळे एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात.

मग शेड कार्ड उघडलं आणि आधी प्रत्येक शेडचा एलआरव्ही पाहिला. रंग किती उजेड परत फेकतो याचा हा आकडा. शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे सगळा उजेड परत देणारा पांढरा. बऱ्याच कंपन्या तो शेडच्या मागे किंवा आपल्या यादीत देतात. मुलीच्या खोलीसाठी ७० च्या खालचं काही बघायचंच नाही असं ठरवलं आणि निम्म्याहून अधिक शेड आपोआप बाजूला झाल्या. बैठकीच्या खोलीत उजेड भरपूर, तिथे ५० च्या आसपासचा रंगही चालणार होता.

शेड कार्डावरचा चौकोन बोटभर असतो, त्यामुळे आवडलेल्या रंगांचे छोटे डबे आणले. ते थेट भिंतीवर न लावता मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन हात दिले आणि चारी बाजूंना पांढरी किनार मोकळी सोडली. ही किनार फार महत्त्वाची. जुन्या भिंतीवर नमुना लावला की जुना रंग डोळ्यांना फसवतो. पिवळ्या भिंतीवर राखाडी लावून पाहिला तर तो जांभळट भासतो. फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये याचा नियम सविस्तर मांडला. पॅरिसच्या गोबेलाँ विणकामशाळेत ते रंगाई विभागाचे प्रमुख होते आणि काळ्या धाग्याचा रंग उठत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. धागा उत्तम होता. शेजारच्या रंगांमुळे तो फिका वाटत होता. पांढऱ्या किनारीने भिंतीवर हाच घोळ टळतो.

पुठ्ठा असल्यामुळे नमुना खोलीभर फिरवता येतो. खिडकीसमोर, खिडकीच्या बाजूच्या अंधाऱ्या भिंतीवर, कपाटाशेजारी, जमिनीजवळ. आम्हाला सगळ्यांना आवडलेला एक राखाडी सकाळी अगदी शांत, तटस्थ दिसायचा. संध्याकाळी दिवा लावून तोच पुठ्ठा कोपऱ्यात धरला की त्याच्यातला लव्हेंडर वर यायचा. आईने तर विचारलं, "हा दुसरा पुठ्ठा आहे का गं?" तो रंग तिथेच बाद झाला. त्याच्या जागी आलेल्या राखाडीत किंचित मातकट झाक आहे आणि तो दिवसभर आपल्या जागी राहतो.

कोपऱ्याची गंमत वेगळीच आहे. दोन पुठ्ठे काटकोनात समोरासमोर धरले की रंग एकदम गडद होतो. एका भिंतीवरून निघालेला उजेड दुसरीवर जातो, तिथून परत येतो आणि दर फेरीत रंग आणखी चढतो. चारी भिंती रंगवल्यावर खोली शेड कार्डापेक्षा भडक वाटते ती यामुळे. म्हणून मन बसलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिका किंवा करडेपणाकडे झुकणारा रंग घ्यायचा, हा माझा नियम झाला. आणखी एक, ओल्या रंगावरून मत बनवू नका. पाण्यावर आधारित रंगातला चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. त्यामुळे रंग सुकला की थोडा गडद दिसतो.

आता रंगाचा दर्जा. डब्याच्या दर्शनी बाजूवर "प्रीमियम", "रॉयल", "लक्झरी" यातलं काही ना काही असतंच. त्यापेक्षा कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक मागून घ्यावं, असं मी मनापासून सांगेन. रंगात मुख्यतः चार गोष्टी असतात. रंगद्रव्य, त्याला भिंतीशी धरून ठेवणारा बाइंडर, पाणी आणि थोडी पूरक रसायनं. पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडमधून येते, टिकाऊपणा बाइंडरमधून. ही दोन्ही महाग, म्हणून स्वस्त रंगात त्यांची जागा चुन्याच्या दगडाची भुकटी आणि तत्सम भरताड घेतं. असा रंग सुकल्यावर झाकतो बरा, पण हात फिरवला की पांढरं लागतं आणि डाग पुसायला गेलं की रंगच निघतो.

पत्रकात मी सगळ्यात आधी घनपदार्थांचं आकारमानाने प्रमाण पाहिलं. पाणी उडून गेल्यावर भिंतीवर खरं काय उरतं ते यावरून कळतं. १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा ओला थर दिला आणि घनपदार्थ ४० टक्के असले तर सुकून ४० मायक्रॉन उरतात. ३० टक्के असले तर ३०. स्वस्त रंगाचे तीन हात लागतात आणि चांगल्याचे दोन पुरतात, त्याचं एक मोठं कारण हे. मग घासून पुसण्याची चाचणी. युरोपातल्या ईएन १३३०० या मानकात रंगाला १ ते ५ असे वर्ग दिलेत. २०० वेळा ओलं घासून ५ मायक्रॉनपेक्षा कमी झीज झाली तर वर्ग १, आणि २० ते ७० मायक्रॉन झीज झाली तर वर्ग ३. मुलांच्या हातांचे ठसे जिथे पडणार तिथे मी वर्ग १ च घेतला.

व्हीओसी, म्हणजे सुकताना हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं, प्रतिलिटर किती ग्रॅम आहेत हेही पाहिलं. आतल्या भिंतींच्या पाण्यावर आधारित मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, रंगांसाठी युरोपीय संघाची मर्यादा २०१० पासून ३० ग्रॅमची आहे, मी तोच आकडा धरून चालले. विकत घेताना एक प्रश्न जरूर विचारा. हा आकडा पांढऱ्या बेसचा आहे की रंग मिसळल्यानंतरचा? शेड बनवताना दुकानातल्या मशिनने बेसमध्ये घातलेल्या रंगद्रव्याच्या द्रावणातूनही व्हीओसी वाढू शकतात. शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या, खाली असल्याचं डब्यावर लिहिलेलं असेल तरच तो डबा घरात आणायचा, याबाबत तडजोड नको. जुन्या घरात खालचे थर शिशाचे असण्याची शक्यता असते, तिथे कोरडं घासून धूळ उडवू नये.

फिनिश, म्हणजे रंगाची चमक किती असावी, हे ठरवायला मोबाइलचा टॉर्च कामी आला. भिंतीला जवळजवळ चिकटवून तो तिरका धरला की प्रत्येक उंचवटा, पुट्टीची प्रत्येक कड सावली टाकते. चकाकी जितकी जास्त तितके हे दोष उठून दिसतात. त्यामुळे बैठकीच्या लांब भिंतीला मॅट, मुलीच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला हलकी साटीन चमक आणि छताला अगदी चमक नसलेला पांढरा, असं ठरलं.

न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर पोपडे आले होते. तिथे नवा रंग लावण्याआधी प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना टेप लावून एक दिवसभर चिकटवून ठेवला. काढल्यावर आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब होते. म्हणजे ओल भिंतीतून येत होती. थेंब बाहेरच्या बाजूला असते तर खोलीच्या हवेतला दमटपणा समजला असता. आधी नळाची गळती दुरुस्त करून घेतली, भिंत पूर्ण वाळू दिली, आणि मगच खरवडून पुट्टी, पॉलिश पेपर आणि प्रायमर केलं. ओल्या भिंतीवर सगळ्यात महागडा रंगही टिकत नाही.

रंगकाम करणारे काका अनुभवी होते. मी विचारलं, "काका, पाणी किती घालणार?" ते म्हणाले, "ताई, रोलर सहज फिरेल एवढं. अंदाज असतो आमचा." मी त्यांना पत्रकातलं प्रमाण दाखवलं आणि मापाचा मग हातात दिला. जास्त पाणी म्हणजे थर पातळ, आणि वर लिहिलेलं मायक्रॉनचं सगळं गणित वाया. त्यांनी ते मनापासून पाळलं. उलट त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली. एकाच शेडचे सगळे डबे मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळायचे, म्हणजे डब्याडब्यातला सूक्ष्म फरक भिंतीच्या मधोमध दिसत नाही.

मुलीने एक भिंत गडद पिवळी मागितली होती. पिवळे आणि लाल रंग झाकायला कच्चे असतात. पूर्वी त्यांत लेड क्रोमेट असायचं, ते छान झाकायचं पण विषारी. आताची सेंद्रिय पिवळी द्रव्यं सुरक्षित आहेत, मात्र जास्त पारदर्शक. म्हणून त्या भिंतीला त्याच रंगाची झाक दिलेलं प्रायमर लावलं. त्यावर पिवळा दोन हातांत बसला.

रंग तासाभरात हाताला सुकला तरी पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे लागतात. तोवर आम्ही भिंती ओल्या कापडाने पुसल्या नाहीत आणि कपाटंही टेकवली नाहीत. उरलेला रंग लहान हवाबंद बरण्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवलाय, कारण मोकळी हवा राहिली की वर साय धरते. प्रत्येक बरणीवर खोली, शेडचा क्रमांक, बॅच आणि तारीख लिहिलीय. टचअप करताना ब्रश न वापरता ज्या रोलरने भिंत रंगवली त्याच जातीचा छोटा रोलर वापरते, म्हणजे पोत जुळतो. मॅट भिंतीवर असा टचअप मिसळून जातो. साटीनवर मात्र ठिगळ दिसतं, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंतच एक हात रंगवावी लागते.