तुम्ही विचारलंत म्हणून: बोलत नाही, मग कळतं कसं?

सोलापुरात सात रस्ता चौकात भेटा नाहीतर कुणाच्या लग्नात, प्रश्न ठरलेला, "पोरगं बोलत नाही ना, मग तुम्हाला कळतं कसं ओ त्याला काय पाहिजे ते?" आईला कळतंच की, असं म्हटलं की लोकांना बरं वाटतं, पण तसं काही नाहीये. कळावं म्हणून घरात बरीच खटपट चालते.

लेक पाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. कान आधीच तपासून घेतलेत, ऐकू नीट येतं. शब्द मोजके, आणि त्यातले बरेचसे आमचेच आम्हाला परत देतो. भूक लागली की माझ्याच सुरात "भूक लागली का तुला?" म्हणतो, आणि पाहुणे बिचारे "नाही रे बाळा, जेवूनच आलो" म्हणून मोकळे. लहान असताना इंजेक्शन देताना सिस्टर "झालं झालं" म्हणाल्या होत्या, तेव्हापासून कुठे दुखलं, कशाची भीती वाटली की "झालं झालं". ते ऐकलं की आम्ही आधी त्याचे गुडघे, कान, दात बघतो. याला एकोलेलिया म्हणतात. बाहेरच्याला पोपटपंची वाटते, पण प्रत्येक वाक्य कुठल्यातरी प्रसंगातून आलेलं असतं, तो प्रसंग आठवला की अर्थ लागतो, नाही आठवला तर मग दोघांचीही चिडचिड.

बाकी कारभार कार्डांवर. पेक्स म्हणून पद्धत आहे, 1985 मध्ये अमेरिकेत निघालेली, चित्र हातात द्यायचं आणि वस्तू मिळवायची. आमच्याकडे घरातल्याच वस्तूंचे फोटो आहेत, त्याचा स्टीलचा पेला, कडक भाकरी, शेंगाची चटणी (हे कार्ड फार झिजलंय), बाथरूमचं दार, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून मागे वेल्क्रो लावलंय. कार्ड दिलं की वस्तू लगेच द्यायची, "आधी तोंडानं म्हण, मग देते" हे चालत नाही. आणि पाहिजेच्या कार्डांइतकंच "नको"चं कार्ड लागतं, ते येईपर्यंत नको म्हणजे ताट भिंतीवर. आता मोबाईलवर आयआयटी मुंबईचं जेलो ॲपपण टाकलंय, चित्रावर दाबलं की मराठीत बोलतं, पण त्याला सध्या बटणं दाबण्यातच जास्त मजा येते.

कार्डांची सवय लागली तर हा तोंडच उघडणार नाही, ही सासूबाईंची भीती. थेरपिस्टनी समजावलं की आत्तापर्यंतच्या अभ्यासात तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं. दुसरा ठरलेला सल्ला म्हणजे घरात एकच भाषा बोला. आता सोलापुरात हे कसं जमायचं सांगा, सासूबाई कानडी, शेजारी तेलुगू, आम्ही मराठी. दोन-तीन भाषा कानावर पडून ऑटिझम होत नाही, आणि त्यानं बोलणं अडतं असंही दिसलेलं नाही. अज्जीनं कानडी सोडायची म्हणजे तिनं नातवाशी बोलणंच कमी करायचं, ते कशाला? तिला तो "बेडा" (कानडीत नको) म्हणून ताट सरकवतोच की.

पाण्याचा दिवस मात्र अवघड. आपल्याकडे नळ रोज येत नाही, कधी पहाटे, कधी रात्री, आणि आलं की सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू, तो आवाज त्याला सोसत नाही. म्हणून नळ आला की आधी मोटारीचं कार्ड दाखवते, त्याला हेडफोन घालते, मग बटण. तोवर बादल्या वाट बघतात, शेजारच्या काकू ओरडतात, ओरडू देत. गड्ड्याच्या जत्रेलाही जातो आम्ही, पण दुपारी, होम मैदानावर गर्दी नसते तेव्हा, पाळण्याच्या लांबून.

एक सांगते, राग मानू नका. "कधी बोलणार हा?" हे त्याच्यासमोर विचारू नका. बोलत कमी असला तरी समजतं त्याला पुष्कळ. घरी आलात तर "काका म्हण, काका म्हण" न करता एकच साधं काहीतरी विचारा आणि थांबा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच वेळ थांबा, तो कार्ड काढेल, नाहीतर मनगट धरून नेईल जिथं न्यायचंय तिथं. खाऊ आणायचाच असेल तर साधी खारी आणा. फुगे नकोत, फुटतात.