एलिनॉरचा दुसरा खंड

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीचा विषय निघाला की थोरली एलिनॉर म्हणजे विवेक आणि तिच्या पाठची मेरियन म्हणजे भावना, अशी वाटणी करून लोक मोकळे होतात. जेन ऑस्टिनने मात्र पहिल्याच प्रकरणात या वाटणीला जागा ठेवलेली नाही. एलिनॉरच्या भावना तीव्र आहेत, फक्त त्या आवरायच्या कशा हे तिला कळतं, असं ती लिहिते. मेरियन समंजस आणि हुशार आहे, पण कशातच बेताने राहणं तिला जमत नाही.

खरं तर या घरात तत्त्वं मांडते ती मेरियनच. माणूस आयुष्यात एकदाच प्रेम करू शकतो, हे तिचं ठाम मत. तिच्या स्वतःच्या वडिलांची दोन लग्नं झाली होती, हे त्या मताच्या आड येत नाही. सतराव्या प्रकरणात पैशावरून बोलणं निघतं. पैशाने सुख मिळत नाही, असं म्हणणारी मेरियन वर्षाला 1,800 ते 2,000 पौंड म्हणजे जेमतेम पुरेसे, असं सांगते. एलिनॉरच्या लेखी 1,000 पौंड म्हणजे श्रीमंती. तेव्हा आई आणि तिन्ही बहिणींचं (सर्वांत धाकटी मार्गारेट) सगळं घर वर्षाला 500 पौंडांत चाललेलं असतं.

कादंबरी 1811 मध्ये तीन खंडांत निघाली. आजच्या बहुतेक आवृत्त्यांत 50 प्रकरणं सलग छापतात, त्यामुळे मूळ बांधणी दिसेनाशी होते. आपल्या प्रतीत बाविसाव्या आणि छत्तिसाव्या प्रकरणानंतर पेन्सिलीने रेघ मारा. पहिला खंड संपतो तिथे नुकतीच ओळख झालेली ल्यूसी स्टील एलिनॉरला विश्वासात घेऊन सांगते, की एडवर्डशी आपलं लग्न चार वर्षांपूर्वीच गुपचूप ठरलंय. एलिनॉरचा जीव त्याच एडवर्डवर. कुणाला सांगणार नाही, असा शब्द ती देऊन बसते. मेरियनला हे कळतं ते तिसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात. म्हणजे मधला अख्खा खंड एलिनॉर हे एकटी गिळून असते, आणि त्याच खंडात विलोबीने टाकलेल्या मेरियनला सावरते. हा खंड मेरियनच्या दुःखाचा म्हणून वाचला जातो. मला तो एलिनॉरचा वाटतो.

त्या खंडाच्या सुरुवातीचा एक प्रसंग सावकाश वाचावा. शेजारच्या लेडी मिडलटनच्या लहान मुलीसाठी ल्यूसी कागदाच्या पट्ट्यांची नक्षीदार टोपली करत बसलीय. पट्ट्या गुंडाळून देते, असं म्हणून एलिनॉर तिच्याशेजारी जागा मिळवते. जवळच मेरियन पियानो वाजवतेय, स्वतःच्या तंद्रीत, खोलीत आणखी कुणी आहे हेही विसरून. त्या आवाजाच्या आडोशाने एलिनॉर ल्यूसीकडून एकेक गोष्ट काढून घेते, आवाज जराही न बदलता. धाकटीचं मोकळं मन आणि थोरलीचा संयम एकाच खोलीत, आणि पहिल्याला दुसऱ्याचा पत्ताच नाही.

घरातही हेच चालतं. मनात नाही ते मेरियन बोलणार नाही. मग शिष्टाचारापुरतं खोटं बोलायचं काम दर वेळी एलिनॉरच्या वाट्याला येतं, असं ऑस्टिन स्वच्छ सांगते. मेरियनचा खरेपणा मला फार आवडतो, पण त्याची किंमत बहीण मोजते.

सदतिसाव्या प्रकरणात गुपित फुटतं, तेव्हा मेरियन आधी म्हणते की इतकं शांत राहता आलं त्या अर्थी तुला फारसं वाटलंच नसेल. अनेक वाचक इथेच अडकतात. त्यावर एलिनॉर चार महिन्यांचा सगळा हिशोब मांडते. ते उत्तर मोठ्याने वाचण्याजोगं आहे. पुढे अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात ल्यूसीने एडवर्डच्या भावाशी लग्न केल्याचं, म्हणजे एडवर्ड मोकळा झाल्याचं कळताच एलिनॉर जवळजवळ धावतच खोलीबाहेर जाते आणि दार लागताच तिला आनंदाने रडू कोसळतं. रडण्याआधी दार लागतं, हे अगदी तिचंच.

मेरियन आजारातून उठते आणि रोज सहा तास वाचनाचा बेत आखते. एलिनॉरला हसू येतं, कारण संयमाचा अतिरेकही धाकटी त्याच झपाट्याने करायला निघालेली असते.

शेवट मात्र मला खटकतो. तिच्यावर आधीपासून प्रेम करणाऱ्या कर्नल ब्रँडनशी मेरियनचं लग्न शेवटच्या प्रकरणात भरभर उरकलंय. जिचं प्रत्येक दुःख आपण तिच्याच तोंडून ऐकलं, तिचा होकार तेवढा निवेदिकेकडून कळतो.