तुम्ही विचारलंत म्हणून: आग नसते तेव्हा फायर ब्रिगेडवाले काय करतात?

"साहेब, आग काही रोज लागत नाही. मग बाकीचा दिवस तुम्ही करता काय?" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, बँकेच्या रांगेत, कुठेही गेलो तरी हा प्रश्न येतोच. कॅरम खेळतो, असं मी सांगतो. अगदीच खोटं नाही ते, स्टेशनात कॅरम असतोच. पण तो परेड, ड्रिल, गाड्यांची तपासणी आणि होज म्हणजे पाणी मारायचे लांब पाइप धुऊन वाळत घालणं, एवढं उरकल्यावर. शिवाय वर्दी, म्हणजे मदतीसाठी येणारा फोन, काही फक्त आगीचीच येत नाही. झाड पडलं, लिफ्ट अडकली, विहिरीत गाय पडली, रस्त्यावर ऑइल सांडून दुचाक्या घसरायला लागल्या, की लोक १०१ फिरवतातच.

एवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होतं, माझं होत नाही. महापालिकेच्या अग्निशमन दलात अधिकारी म्हणून माझी बरीचशी नोकरी ज्यात गेली, ते काम यात आलेलंच नाही. ते म्हणजे आग लागायच्या आधी इमारतीत जाणं.

अमेरिकेतल्या भाच्याने एकदा विचारलं, "मामा, तू म्हणजे फायर मार्शलच ना?" तसं थेट म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये फायर मार्शल हे वेगळं पद आहे. आधी फायरफायटर म्हणून काम केलेल्यांनाच तिथे घेतात, आगीचं कारण शोधणं हे त्यांचं मुख्य काम आणि त्यासाठी अटक करण्याचाही अधिकार त्यांना असतो. आपल्याकडे पंचनामा पोलीस करतात, विजेचा संशय असेल तर विद्युत निरीक्षक येतात आणि इमारतीची तपासणी आमच्याकडे. कंपन्यांच्या ऑफिसात फायर मार्शल म्हणवतात तो तर मॉक ड्रिलच्या दिवशी जॅकेट घालून दारात उभा राहणारा अकाउंट्समधला सहकारी असतो. त्याला कमी लेखू नका. खरी आग लागली तर आम्ही पोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं त्याच्याच हातात असतात.

आमच्या तपासणीला आधार आहे तो महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याचा. त्यातलं तिसरं कलम प्रत्येक सोसायटीने नोटीस बोर्डावर लावावं, असं माझं मत आहे. इमारतीतली आगप्रतिबंधक यंत्रणा बसवणं आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणं ही जबाबदारी मालकाची किंवा तिथे राहणाऱ्या-वापरणाऱ्याची आहे, असं ते कलम स्पष्ट सांगतं. फायर ब्रिगेडची नव्हे. आम्ही तीन तासांची नोटीस देऊन, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात येऊन बघू शकतो.

आल्याबरोबर मी भिंतीवरचे लाल सिलिंडर मोजायला लागेन, अशी सेक्रेटरींची अपेक्षा असते. मी आधी पंपरूमची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचे पंप असतात त्या खोलीची, किल्ली मागतो. ती शोधण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात, तेव्हाच निम्मी तपासणी झालेली असते. आत पॅनेलवर एक सिलेक्टर स्विच असतो, तो 'ऑटो'वर हवा. अनेक ठिकाणी तो 'ऑफ'वर सापडतो, आणि त्यामागची गोष्ट जवळपास ठरलेली. आगीसाठीचं पाणी वरच्या मजल्यांवर नेणाऱ्या उभ्या पाइपात कुठेतरी बारीक गळती असते. दाब उतरला की तो भरून काढायला जॉकी पंप आपोआप सुरू होतो. रात्री दोनला सुरू होतो, तीनला सुरू होतो. पहिल्या मजल्यावरचे काका तक्रार करतात, सेक्रेटरी वॉचमनला सांगतात, "बंद करून टाक रे तो." गळती तशीच राहते, पाइपातला दाब जातो आणि दहाव्या मजल्यावर कुणी व्हॉल्व्ह उघडला तर फुस्सकन हवा बाहेर येते. लाखो रुपयांची यंत्रणा एका काकांच्या झोपेपायी बंद! काकांचंही चुकलं म्हणवत नाही. गळती काढायला प्लंबर बोलवायचा होता, तो कुणी बोलावला नाही.

मग जिन्याने वर. लिफ्टने नाही, यावरून बरोबरच्या कमिटी मेंबरांचे चेहरे पडतात. होज बॉक्स उघडला तर पाइप असतो, ब्रँच म्हणजे त्याच्या टोकाची तोटी नसते. पितळेची असते ना, भंगारात भाव येतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर दाखवून "फुल्ल आहे साहेब" म्हणतात. त्याला काटा नसतोच, भरलेला आहे की नाही ते तोलूनच कळतं. मी उचलायला लावतो.

पण माझा खरा जीव अडकतो जिन्यात. दर मजल्यावर चपलांचं स्टँड, सायकल, तुळशीची कुंडी, दिवाळीत काढलेलं जुनं कपाट. जिन्याचं फायर डोअर आपणहून बंद व्हायला हवं, तर त्याला वीट लावून ते उघडं ठेवलेलं, का तर वारा येतो. "साहेब, चपलांच्या स्टँडने कधी आग लागते का?" हे मला कैक वेळा ऐकवलं गेलंय. आगीत माणसं भाजून मरण्याआधी बहुतेकदा धुराने जातात. लिफ्टची पोकळी पेटत्या घरातला धूर धुराड्यासारखी वर ओढते. त्यातून उघड्या दारांनी तोच धूर जिन्यात शिरला, की उतरायचा एकमेव रस्ता गेला. दिवे गेलेले, डोळे चुरचुरतात, माणूस भिंत चाचपत उतरतो आणि पायात येतं ते स्टँड. ते स्वतः पेटलं तर रबर आणि रेक्झिनचा काळा धूर आणखी वेगळा.

२८ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे २९ तारखेला, मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंट-पबना आग लागली, चौदा जण गेले. त्यातले अनेक जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. बाहेरचा रस्ता दिसला नाही की माणूस जवळचं दार उघडतो.

उंच इमारतींत यासाठीच रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी सुटका होईपर्यंत थांबायची मोकळी जागा, ठेवलेला असतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे पहिला २४ मीटरच्या वरच्या मजल्यावर, पुढचा ३९ मीटरच्या वर, असा दर १५ मीटरला. तिथे मी टेबल टेनिसचं टेबल पाहिलंय, गणपतीच्या मखराचं सामान पाहिलंय, एके ठिकाणी तर कुलूप पाहिलंय.

मग यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र असतं त्याचं काय? दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीने लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म 'बी' घेऊन आमच्याकडे द्यायचा असतो. या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार आहे. एजन्सी निवडणारी सोसायटी, पैसे देणारी सोसायटी आणि दोष निघाले तर खर्चात पडणारीही सोसायटीच. कसोशीने तपासणाऱ्याला पुढच्या वेळी कोण बोलावणार? स्वस्तात, गेटच्या आत न येता सही करून देणारेही असतात. चांगल्या एजन्सी आहेत, त्या महाग वाटतात एवढंच.

दोष निघाले तर आम्ही नोटीस देतो, मुदत देतो. धोका अगदी समोर दिसत असेल तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत अधिकार आहेत. कागदावर ते भक्कम आहेत. प्रत्यक्षात नोटीस चिकटवून गाडीत बसेपर्यंत फोन वाजतो, "साहेब, जरा समजून घ्या ना, आपलीच माणसं आहेत." म्हणून या नोकरीत शिडी चढण्याइतकंच नम्रपणे 'नाही' म्हणता यावं लागतं.

"अधिकारी तर ऑफिसातच बसतात" असंही कुणी सुनावतं. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळून मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकरही होते. यापुढे मी वाद घालत नाही.

आता मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न: यात जायचं तर काय लागतं? महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स दहावीवर करता येतो. उपस्थानक अधिकारी व अग्नि प्रतिबंध अधिकारी हा वर्षाचा कोर्स पदवीधरांसाठी आहे. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथे अधिकाऱ्यांचे कोर्स आणि फायर इंजिनिअरिंगची पदवीही होते. मुलांना साधारण १६५ सेंटिमीटर उंची आणि ५० किलो वजन लागतं. मैदानी चाचणीत धावणं, माणसाएवढा डमी खांद्यावरून नेणं, उंचावरून जंपिंग शीटमध्ये उडी, असं सगळं असतं. मुलीही येतात, आणि उडी मारताना मुलांपेक्षा कमी कुरकुरतात. तब्येतीच्या जोडीला नकाशा वाचायची सवय करा. पुढे प्रमोशन मिळालं की बिल्डरचा आर्किटेक्ट समोर ड्रॉइंग पसरतो, आणि दुसरा जिना पहिल्याला चिकटून काढलाय हे तुमच्याच नजरेला पडावं लागतं.

महापालिकांची भरती दरवर्षी निघेलच असं नाही. त्यामुळे कोर्स झाल्यावर बरेच जण आधी कारखान्यात किंवा मॉलमध्ये फायर ऑफिसर म्हणून लागतात. तो काळ वाया जात नाही. पंपरूममधला स्विच कोण बंद करतं आणि का, हे आत राहिल्याशिवाय कळत नाही.