लॉगिन दादांकडे नव्हतं

मार्चअखेरची गडबड सुरू असताना भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून सकाळीच फोन आला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी, माल जातो चाकणच्या मोठ्या कारखान्यांना. मालक घाईघाईने सांगत होते, "मॅडम, ईआरपी बंद पडलंय. गाड्या भरून गेटवर उभ्या आहेत आणि बिल निघत नाही. लगेच या."

ईआरपी म्हणजे बिलं, साठा, हिशेब असा कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर. बिल निघत नाही म्हणजे सगळंच अडलं. राज्यातल्या राज्यातसुद्धा लाख रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढलेल्या मालवाहतुकीच्या कागदाशिवाय, रस्त्यावर काढता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचा आहे. या कंपनीत दोन्ही गोष्टी ईआरपीतूनच होतात. आणि ज्यांना माल द्यायचा ते साठा करून ठेवत नाहीत, त्यांच्याकडे तासांच्या हिशेबाने माल पोहोचावा लागतो.

मी क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचं, काम करते आणि शिकवतेही. या कंपनीचा सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडवर हलवला होता दुसऱ्याच कुणी कंत्राटदाराने. त्यानंतर तो सांभाळायला एक हुशार मुलगा ठेवला होता. त्याला बंगळुरूत चांगल्या पगाराची नोकरी लागली, तो गेला. गेल्यावर लक्षात आलं की खात्याचं मुख्य लॉगिन त्याच्या कंपनीच्या मेलवर आहे, तो मेल त्याच्या राजीनाम्यानंतर बंद केला आहे आणि लॉगिनला लागणारा सहा आकडी कोड त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो. म्हणजे आजारी मशीन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि दवाखान्याची किल्ली बंगळुरूत.

आयटी विभागात मागे उरले होते दादा. पन्नाशी ओलांडलेले, कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हापासूनचे. नेटवर्क, प्रिंटर, ईआरपी, सगळं त्यांच्या हातचं. सर्व्हर क्लाउडवर नेताना त्यांना एकाही बैठकीला बोलावलं नव्हतं. "हे क्लाउडचं आहे, यात तुमचं काम नाही," असं त्यांना सांगितलं गेलं होतं. मी पोहोचले तेव्हा ते सर्व्हर रूमच्या दाराशी उभे होते. आत आता सर्व्हर नव्हताच, रिकामी रॅक आणि चालू एसी.

मेल सुरू करून घेतला, पासवर्ड बदलला आणि त्या मुलाला फोन लावला. त्याने लगेच उचलला आणि कोड वाचून दाखवला. तीस सेकंदांत कोड बदलतो, पहिल्या वेळी टाइप होईपर्यंत गेला. दुसऱ्यांदा आत शिरलो. त्याचे उपकार मानायला हवेत, नोकरी सोडलेल्या माणसाने फोन न उचलणंही शक्य होतं. कंपनीचा सगळा कारभार त्याच्या त्या एका फोनवर टांगलेला असावा, यात त्याचा काही दोष नव्हता.

सर्व्हरवर गेल्यावर दिसलं ते असं: डी ड्राइव्ह पूर्ण भरलेला आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरची ९००२ नंबरची एरर, ट्रान्झॅक्शन लॉग (बदलांची नोंदवही) भरल्याची. मी डिस्क वाढवायचा पर्याय उघडला. ॲमेझॉनवर मशीन बंद न करता डिस्क मोठी करता येते, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. दादा मागे उभे राहून स्क्रीन बघत होते. म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? लॉगचा बॅकअप निघतोय का बघा ना जरा."

बघितलं. निघतच नव्हता. सर्व्हर क्लाउडवर गेला त्या दिवसापासून एकदाही निघाला नव्हता.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण सगळी गोष्ट यातच आहे. डेटाबेसमध्ये काहीही बदल झाला की एसक्यूएल सर्व्हर तो आधी लॉगमध्ये लिहितो. फुल रिकव्हरी पद्धत लावलेली असेल, तर लॉगचा बॅकअप निघेपर्यंत त्या नोंदी तो टाकून देत नाही. जुन्या सर्व्हरवर दादांनी दर अर्ध्या तासाला लॉगचा बॅकअप निघेल असं काम लावून ठेवलं होतं. अशी कामं मूळ डेटाबेसमध्ये साठत नाहीत, ती एमएसडीबी नावाच्या वेगळ्या सिस्टिम डेटाबेसमध्ये असतात. कंत्राटदाराने कंपनीचा डेटाबेस उचलून नव्या मशीनवर ठेवला, काम चालू झालं, पैसे घेतले. दादांचं वेळापत्रक जुन्या मशीनबरोबर भंगारात गेलं. रोज रात्री पूर्ण डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, निघत होता, म्हणून बॅकअप आहे असं सगळे धरून चालले होते आणि लॉग मात्र फुगत राहिला.

मी नुसती डिस्क वाढवली असती तर गाड्या सुटल्या असत्या. काही महिन्यांनी तीही भरली असती. शिवाय क्लाउडवरची ही डिस्क एकदा वाढवली की लहान करता येत नाही, तिचं भाडं चालूच राहतं. दादांनी दुखणं ओळखलं ते न बघताच, कारण त्या डेटाबेसबरोबर त्यांनी वर्षं काढली आहेत. ज्याच्याकडे लॉगिन होतं त्याला कारण माहीत नव्हतं आणि ज्याला कारण माहीत होतं त्याला लॉगिन दिलेलं नव्हतं. मालक मला दर वेळी म्हणायचे, "आमच्याकडे क्लाउडचा माणूसच नाही." अर्धा माणूस तिथेच होता, सर्व्हर रूमच्या दाराबाहेर.

मी खुर्चीवरून उठले आणि म्हटलं, "दादा, तुम्ही बसा. मी सांगते कुठे क्लिक करायचं ते."

गाड्या गेटवर उभ्या असताना शिकवणी घेते का ही बाई, असं मालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण काम त्याने लांबलं नाही. आधी स्नॅपशॉट घेतला. लॉगचा बॅकअप ठेवायला सर्व्हरवर जागा नव्हती, म्हणून नवी डिस्क बनवून जोडायचं ठरलं. दादांनी बनवली, पण जोडायला गेल्यावर यादीत दिसेना. सर्व्हर मुंबईच्या ए झोनमध्ये (झोन म्हणजे डेटा सेंटरचा वेगळा गट), डिस्क बनली होती बी झोनमध्ये. डिस्क आणि मशीन एकाच झोनमध्ये असावी लागतात. ती काढून पुन्हा बनवली आणि या वेळी जोडली गेली. विंडोजमध्ये डिस्क ऑफलाइन दिसली, तिथून पुढे मला बोलावंच लागलं नाही. ऑनलाइन केली, फॉरमॅट केली, लॉगचा बॅकअप तिच्यावर सोडला. लॉग मोकळा झाला, ईआरपी उघडलं आणि पहिलं बिल निघालं.

दादा मात्र त्या डिस्कपाशीच थांबले होते. "एवढंच?" म्हणाले. "पूर्वी एक डिस्क मागवायची तर कोटेशन, मंजुरी, खरेदी, महिना जायचा." मग लगेच विचारलं, "आणि मी ही काढायला विसरलो तर?" तर भाडं लागत राहतं, मी सांगितलं. मशीन बंद केलं तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच असतं. क्लाउड शिकायला लागल्यावर हा प्रश्न आपणहून विचारणारे फार थोडे भेटतात.

गाड्या गेल्यावर मालकांच्या केबिनमध्ये चहा झाला. त्यांनी लगेच विषय काढला, "चार-पाच वर्षं अनुभवाचा क्लाउड इंजिनिअर बघून द्या." मी स्पष्ट सांगितलं की तसा माणूस हिंजवडीत जो पगार घेतो तो तुम्हाला परवडणार नाही, परवडला तरी टिकणार नाही. मायक्रोसॉफ्टची क्लाउडची सोय २०१५ मध्ये खुद्द पुण्यात आली, ॲमेझॉनची २०१६ मध्ये मुंबईत. मशीन आपल्या दाराशी येऊन इतकी वर्षं झाली, पण भोसरीतल्या कारखान्यात ती चालवणारी माणसं तयार करायचं कुणी मनावर घेतलं नाही.

"दादांना शिकवलं आणि तेही गेले तर?" मालकांचा प्रश्न. हा प्रश्न मला प्रत्येक कंपनीत ऐकू येतो. मी म्हटलं, जाणारा गेला तरी एकाच माणसावर काही अडायला नको, हे आधी करू. त्याच दुपारी मुख्य लॉगिनला दोन वेगळ्या माणसांच्या मोबाइलवर कोड जोडला आणि ते लॉगिन रोजच्या वापरातून बाजूला ठेवलं. दादांना वेगळं लॉगिन दिलं, त्यांच्या कामाला लागतील तेवढ्याच परवानग्यांसह. त्यांच्या जोडीला अकाउंट्समधली एक मुलगी घेतली. क्लाउडचं बिल दर महिन्याला तिच्याच टेबलावर येतं आणि त्यातल्या ओळींचा अर्थ ती कधीची विचारत होती. पहिल्याच बैठकीत तिने कशालाच न जोडलेल्या दोन जुन्या डिस्क शोधून काढल्या. त्यांचं भाडं कंपनी सर्व्हर हलवल्यापासून भरत होती.

मालकांना सर्टिफिकेट हवं होतं. मी विरोधात नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. ॲमेझॉनच्या पहिल्या परीक्षेत ६५ प्रश्न असतात, दीड तासात पर्याय निवडायचे. ती पास झालेल्याने कधी डिस्क जोडलेली असेलच असं नाही. म्हणून आधी सरावासाठी वेगळं खातं उघडलं, त्यावर महिन्याच्या खर्चाची मर्यादा ठरवून ती ओलांडायच्या आत मेल येईल असा इशारा लावला. बुधवारची दुपार दोघांना कामातून मोकळी. ही मोकळी दुपार मालकांकडून मिळवणं दिवसभरातलं सर्वांत अवघड काम होतं. "संध्याकाळी घरी बसून शिकतील की," असं ते म्हणत राहिले. ज्या माणसाला दिवसभर प्रिंटर आणि पासवर्डसाठी फोन येतात, तो रात्री घरी काय शिकणार? मी ती अट सोडली नाही.

पहिल्या बुधवारी दादांना एकच काम दिलं: रात्रीच्या स्नॅपशॉटवरून ईआरपीचं दुसरं मशीन उभं करायचं आणि त्यात कालचं शेवटचं बिल दाखवायचं. तोवर त्या कंपनीत स्नॅपशॉट परत उभा करून कुणीच पाहिला नव्हता. दादांनी संध्याकाळपर्यंत बिल दाखवलं आणि प्रत्येक पायरी वहीत मराठीत लिहून ठेवली. पुढच्या बुधवारी तीच वही समोर ठेवून अकाउंट्समधल्या मुलीने तेच काम केलं. दादांनी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं होतं. दोन ठिकाणी ती अडली, तिथे वहीत पायरी राहून गेली होती. त्या दोन पायऱ्या तिने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या.