गुणांची वही : पावसाळ्यातली भर

साताऱ्यात जुलै-ऑगस्टला संध्याकाळी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे पाहिलेल्या सिनेमांना गुण द्यायची माझी वही या दिवसांत जोरात चालते. यंदा नवे सिनेमे जवळजवळ घेतलेच नाहीत. जुन्या यादीतलेच पुन्हा काढले आणि दुसरा रकाना भरत बसलो.

पद्धत नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहिला गुण पेन्सिलीनं, सिनेमा संपल्यावर झोपायच्या आत. दुसरा पेनानं, पुन्हा पाहिल्यावर. मधे एक दिवाळी तरी गेलेली हवी आणि तोवर पेन्सिलीचा आकडा बघायचा नाही (मी पानाची कड दुमडून स्टेपलर मारतो). दहापैकी पूर्ण आकडा, अर्धा गुण बंद. साडेसहा देणाऱ्याला मत द्यायचंच नसतं असं माझं म्हणणं आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमाला गुण नाहीत.

हल्ली मला दोन्ही आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक कामाचा वाटतो. पेन्सिलीचा गुण बराचसा त्या संध्याकाळचा असतो, पेनाचा बराचसा सिनेमाचा.

सांगलीच्या आमच्या मास्तरांना हे मान्य नाही. ते निवृत्त गणित शिक्षक. कथेला इतके, अभिनयाला इतके, छायाचित्रणाला इतके असे शंभराचे हिशोब करतात, आणि मग त्यांचे सगळे सिनेमे साठ ते सत्तरच्या घरात येऊन बसतात. "फर्स्ट क्लास मिळाला की झालं की हो," म्हणतात. आमची पैज लागली आहे. दुसऱ्या खेपेला ज्याचे गुण जास्त हलतील तो हरला. मी हरलो तर कंदी पेढे, ते हरले तर भडंग.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डॉ. श्रीराम लागूंवर. त्यांचा जन्म साताऱ्याचा, १९२७ चा, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. 'पिंजरा' (१९७२) पेन्सिल ८, पेन ६. पहिल्या वेळी गाण्यांनी वाहून नेलं होतं. खेबुडकरांचे शब्द आणि राम कदमांची चाल असली की परीक्षकाचं काही चालत नाही. या खेपेला गाणी पाठ होती, त्यामुळे मधल्या जागा दिसल्या. व्ही. शांतारामांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची असते, एकदा संवादातून आणि एकदा कॅमेऱ्यातून. संध्याबाईंचा अभिनय मला आता फार मोठ्या आवाजातला वाटतो. तरी सहाच्या खाली जाववत नाही, कारण शेवटचा पेच जबरदस्त आहे. गावानं ज्याचा पुतळा उभारला तोच माणूस स्वतःच्या खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि पुतळा टिकावा म्हणून गप्प बसतो.

लगेच दोन दिवसांनी 'सामना' (१९७४) लावला. पेन्सिल ७, पेन १०. वहीतला या मोसमातला सगळ्यात मोठा फरक हाच. दोन्ही पाठोपाठ पाहिल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. दोन्हीकडे लागू मास्तरच आहेत आणि दोन्हीकडे निळू फुले आहेत, पण दिशा उलटी. 'पिंजरा'तले मास्तर उंचावरून घसरत जातात. 'सामना'तले मास्तर सिनेमा सुरू होतो तेव्हाच घसरून झालेले आहेत, दारूत बुडालेले जुने स्वातंत्र्यसैनिक, आणि तिथून एका प्रश्नाच्या जोरावर उभे राहू लागतात. मारुती कांबळेचं काय झालं? विजय तेंडुलकरांनी अख्खी पटकथा या एका वाक्यावर तोलली आहे.

पहिल्या वेळी मी लागूंच्या मास्तरांकडे बघत होतो. या वेळी निळू फुल्यांच्या हिंदुराव धोंडे-पाटलाकडे, म्हणजे साखर कारखान्याच्या चेअरमनकडे, बघितलं आणि तीन गुण तिथून आले. निळूभाऊ यात फारसे ओरडत नाहीत. पाहुण्याची बडदास्त ठेवतात, ऐकून घेतात, हसतात. सातारा-सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्याचा चेअरमन म्हणजे काय असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो माणूस गावाला खरोखरच पाणी देतो, रोजगार देतो, आणि म्हणूनच प्रश्न विचारणं अवघड होतं. खलनायक असता तर सोपं होतं. हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. तिथल्यांना त्यातलं किती कळलं असेल कोण जाणे, कराडच्या पलीकडच्या कुठल्याही पारावर मात्र पूर्ण कळेल. माझ्याकडची प्रत खराब आहे, काही ठिकाणी आवाज बसतो. त्याचे गुण कापले नाहीत.

'सिंहासन' (१९७९) पेन्सिल ९, पेन ९. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून इतकी पात्रं सांभाळायची, आणि निळू फुल्यांना पाटलाच्या वाड्यातून काढून पत्रकार दिगू टिपणीस करायचं! एवढ्यावरच जब्बार पटेलांना माझा नमस्कार. फरक शून्य, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

सांगलीच्या मास्तरांनी फोनवर एक नोंद करायला लावली. 'सामना'त कांबळे, आणि चाळीस वर्षांनी चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्येही कांबळेच. पहिल्यात मारुती कांबळेबद्दल विचारणारा एकच माणूस असतो. दुसऱ्यात नारायण कांबळे हा शाहीर समोर उभा आहे आणि यंत्रणा त्याला फक्त तारखा देते. 'कोर्ट'ला पेन्सिलीचे ७ होते, आता ९. ते सात मुख्यतः चुळबुळीचे होते. कॅमेरा हलत नाही, माणसं येतात-जातात, वकील जुने कायदे वाचत राहतात. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. आमच्या शेजारची दोन कुटुंबं तिथेच उठून चप्पल शोधायला लागली होती. त्यानंतर न्यायमूर्ती सहलीला जातात आणि बाकावर डुलकी काढतात. तो भाग नसता तर हा एका खटल्याचा सिनेमा राहिला असता. त्या भागामुळे तो न्याय देणाऱ्या माणसाच्या रोजच्या आयुष्याचा झाला. दहावा गुण का नाही? सरकारी वकीलबाईंच्या घरच्या प्रसंगात दिग्दर्शक त्यांना किंचित आधीच दोषी ठरवतो असं मला अजूनही वाटतं. मास्तरांना नाही वाटत.

आता वाई-मेणवली विभाग, म्हणजे आपल्याकडे चित्रित झालेले सिनेमे. इथे यंदा नवा नियम केला: पेन्सिलीचा गुण पैजेत धरायचा नाही. कारण उघड आहे. आपल्याकडचा माणूस हे सिनेमे पहिल्यांदा बघतो तेव्हा सिनेमा बघतच नाही. "हा आपला घाट", "ही ती गल्ली", "त्या दिवशी मी तिथंच उभा होतो", यातच मध्यंतर होतं. उत्तर प्रदेश आणि बिहार हिंदी सिनेमानं कित्येकदा कृष्णाकाठीच वसवले आहेत.

'स्वदेस' (२००४) पेन्सिल ६, पेन ८. मेणवलीचा घाट या वेळी मुद्दाम दुर्लक्षिला, तेव्हा गावातल्या सिनेमाच्या खेळाचा प्रसंग नीट दिसला. पडद्याच्या एका बाजूला वरच्या जातींची माणसं, उलट्या बाजूला बाकीची, आणि वीज गेल्यावर नायक मोहन तो पडदाच काढायला लावतो. आशुतोष गोवारीकरांनी हे भाषणाशिवाय केलंय, म्हणून ते चालतं. जिथे भाषण आहे तिथे माझा पेन अडतो. स्टेशनावर पाणी विकणारा मुलगा तर काही सेकंदांत जे सांगून जातो त्यासाठी पुढे पंचायतीत बरीच मिनिटं खर्च होतात. लांबीचे दोन गुण गेले ते गेलेच.

'ओंकारा' (२००६) ८ आणि ८. लंगडा त्यागी सगळ्यांना आठवतो. या खेपेला कोंकणा सेन शर्माच्या इंदूवर लक्ष ठेवून बघा, राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला. 'गंगाजल' (२००३) ७ वरून ५. पोलिसांनी कायदा हातात घ्यावा का, हा प्रश्न पूर्वार्धात खरोखर टोचतो. उत्तरार्धात प्रकाश झा त्याला बाजूला सारतात आणि सरळ हाणामारीचा रस्ता धरतात.

'बनगरवाडी' (१९९५) वरून मास्तरांशी चांगलीच जुंपली. ते आटपाडीकडचे, व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी त्यांना तोंडपाठ, त्यामुळे पालेकरांच्या प्रत्येक प्रसंगाला "पुस्तकात असं न्हाई" हा शेरा. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही सिनेमाला नाही, आठवणीला गुण देताय. त्यावर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही आणि मग, "मग तुमच्या लागूंचं काय?" उत्तर सुचलं नाही. माझे ६ आणि ७. माणदेशाचा उजाडपणा कॅमेऱ्यात येतो, तालमीच्या उद्घाटनाला औंधचे राजे येतात तो भाग झकास. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा सिनेमा घाई करतो, आणि तिथेच थांबायला हवं होतं.

बाकीचं भराभर. 'फँड्री' ९ आणि ९, राष्ट्रगीताच्या प्रसंगाला दुसऱ्यांदाही श्वास अडकला. 'वळू' ७ आणि ७. 'देऊळ' ८ वरून ७. 'अशी ही बनवाबनवी'ला दुसरा रकाना लागूच होत नाही, कारण पहिल्यांदा कधी पाहिला हेच घरात कुणाला आठवत नाही.

पैजेची स्थिती: मी जोरात हरतोय, 'सामना'चे तीन एकटेच पुरेसे आहेत. मास्तरांचा आतापर्यंतचा सगळ्यात मोठा फरक शंभरात चारचा. पुढे 'जैत रे जैत', 'उंबरठा' आणि 'विहीर' काढायचे आहेत. 'संत तुकाराम' (१९३६) दिवाळीनंतर. मास्तरांनी त्यातल्या जिजाईला अभिनयाचे पंचवीसपैकी पंचवीस आधीच देऊन टाकलेत, पुन्हा न बघताच. ते पैजेत धरायचे की नाही हे तुम्ही सांगा. आणि 'सामना'ची आवाज न बसणारी प्रत कुणाकडे असेल तर कळवा.