गयानातले ‘आपले लोक’

दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनमध्ये, चार वर्षे हिशेबनिसाची नोकरी करून मी पुण्याला परतले, तेव्हापासून लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारते की, तिथले काळे लोक आपल्या लोकांना फार त्रास देतात, हे खरे का? आजवर मी हसून विषय बदलत आले; आता एकदा लिहूनच टाकते.

‘आपले लोक’ म्हणजे कोण, हे आधी मला सांगा. १८३८ ते १९१७ या काळात सुमारे २,३९,००० माणसे, मुख्यतः कलकत्त्याहून, गयानाच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून नेली गेली. त्यांतली बहुतेक भोजपुरी मुलखातली होती, आणि त्याच मुलखातून आलेल्या माणसाला आपण मुंबईत ‘भय्या’ म्हणून हिणवतो. समुद्र ओलांडला की तो आपला कसा होतो? गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या आफ्रिकी मजुरांनी मजुरी वाढवून मागू नये म्हणून मळेवाल्यांनी ही माणसे आणली, आणि त्या खर्चाचा काही भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे त्याच मजुरांच्या करांवरही पडला. हे मी आज मोठ्या तोऱ्यात सांगते खरी, पण तिथे असताना मला यातले किती सुचले होते?

माझी घरमालकीण भारतीय वंशाची होती. तिथेही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, त्यामुळे नातवंडांबरोबर मीही तिला आजी म्हणू लागले. मे १९६४ मध्ये डेमेरारा नदीकाठच्या विस्मार गावी भारतीयांची घरे जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले आणि हजारो लोकांना बोटींतून जॉर्जटाउनला आणावे लागले. त्यांत नऊ वर्षांची आजी होती. आईचे शिवणयंत्र तिथेच राहिले, एवढेच ती दाळपुरी लाटता लाटता दर वेळी सांगे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आफ्रिकी वंशाच्या सहकाऱ्याशी निवडणुकीवरून बोलणे निघाले, आणि न्यायनिवाडा करायला बसल्यासारखी मी म्हणाले, “पण विस्मारला तुमच्या लोकांनी काय केले?” त्याने चमचा खाली ठेवला. “आणि सन चॅपमन?” त्याने विचारले. मला ते नावच ठाऊक नव्हते. ६ जुलै १९६४ रोजी, म्हणजे विस्मारनंतर सहाच आठवड्यांनी, त्याच डेमेरारा नदीत ती लाँच स्फोटाने फुटली आणि चाळीसहून अधिक आफ्रिकी वंशाची माणसे मेली. त्यांत त्याची आत्या होती. आवाज न चढवता त्याने हे सांगितले, अर्ध्या उरलेल्या कुक-अप भाताच्या डब्याला झाकण लावले आणि तो उठून गेला.

मी परकी, मला कोणी सांगितले नव्हते, अशी समजूत मी बरेच दिवस घालून घेतली. पण तोवर मला तिथे तीन वर्षे होत आली होती, आणि मी एकाच घरातली हकिगत ऐकली होती. संध्याकाळी आजीला विचारले, तर ती म्हणाली, “ते नंतरचे.” हे उत्तर होते की पळवाट, हे मला अजून ठरवता आलेले नाही, विस्मारहून निघालेल्या मुलीने ती लाँचही मोजावी, असे म्हणणारी मी कोण, हेही नाही.

तिथे मते ‘आपन जात’ पाहून पडतात, असे म्हणतात. शब्द भोजपुरी, पण मराठी कानाला अर्थ विचारावा लागत नाही. २ मार्च २०२० च्या मतदानाचा निकाल २ ऑगस्टला जाहीर झाला आणि भारतीय वंशाचे इरफान अली अध्यक्ष झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून मामाचा फोन आला. “आपले जिंकले ना?” मी “हो, जिंकले” म्हणाले, आणि खरे सांगायचे तर मला आनंदच झाला होता.