तुळशीच्या लग्नानंतरचं पान

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यांना टॉवेल-चादरींची बिलं काढून द्यायची, एवढंच आमचं काम होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि दोन टेबलांची चार झाली. मंगल कार्यालयांचं काम नंतर आलं, तेही एका गिऱ्हाइकाच्या मेव्हण्यामुळे. कार्यालयवाले तारखा गूगल कॅलेंडरमध्ये टाकायचे. आमचा प्रोग्रॅम तिथून उचलून 'मोकळी' की 'दिली' ते दाखवायचा.

होळीच्या सुमाराला विजापूर रोडच्या एका मालकांचा फोन. "साहेब, डिसेंबरची एकच तारीख दोघांना गेली की ओ. दोघांनीबी विसार दिलाय." जाऊन बघितलं. कॅलेंडरात नोंद होती, आमच्या स्क्रीनवर तारीख मोकळी.

रात्री बसून गूगलकडून आलेल्या नोंदी मोजल्या. बरोबर २५०. असा गोल आकडा दिसला की मला घाम फुटतो. प्रोग्रॅमनं मागितलेली नोंदींची यादी गूगल, आपण काही सांगितलं नाही तर, एका वेळी २५० नोंदींचीच देतं. सांगून मागितल्या तरी जास्तीत जास्त २५००. पुढं अजून शिल्लक असेल तर उत्तरात 'नेक्स्टपेजटोकन', म्हणजे पुढच्या पानाची खूण, येतं, ते परत पाठवून पुढचं पान मागायचं. आमच्या पोरानं पहिलं पान घेऊन वही मिटली होती. त्याला काय बोलणार, तपासलं मीच होतं.

पण वर्षाच्या साठ-सत्तर लग्नांत २५० भरले कसे? मालकांनी 'टाकी भरली का बघणे' अशी रोजची नोंद लावलेली. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे त्यांचं बरोबरच. कॅलेंडरात ती नोंद एकच, पण आम्ही 'सिंगलइव्हेंट्स' (रोजच्या नोंदीची दिवसागणिक वेगळी नोंद करून देणारी सोय) चालू ठेवल्यानं तिचे वर्षाचे ३६५ तुकडे होऊन येत होते, तेही तारखेच्या क्रमानं. दसऱ्याच्या आसपासच कोटा संपायचा. चातुर्मासात एरवीही लग्नं नसतात, म्हणून मोकळी स्क्रीन कुणाला खटकली नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा सगळा सीझन मात्र गायब.

एका पार्टीला दुसरं कार्यालय बघून दिलं, भाड्यातला फरक आम्ही सोसला.

आता टोकन येतंय तोवर पानं मागत राहतो. मधलं एखादं पान रिकामंही येऊ शकतं, तिथं थांबायचं नाही. शेवटच्या पानावर 'नेक्स्टसिंकटोकन' मिळतं. ते जपलं की पुढच्या वेळी फक्त बदललेल्या नोंदी येतात, रद्द झालेल्यासुद्धा. त्या टोकनाबरोबर तारखेची हद्द किंवा क्रम मागता येत नाही, म्हणून ते काम आणि टाकीच्या नोंदीची फोड आम्ही आमच्याकडे घेतली. टोकन शिळं झालं तर गूगलकडून ४१० नंबरचा एरर येतो. मग आपल्याकडची साठवण पुसून यादी पहिल्यापासून.

सध्या अकरा कार्यालयं आहेत. विजापूर रोडचे मालकही आहेत. फक्त काउंटरमागं त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पुन्हा टांगलंय आणि तारीख देण्याआधी त्यात लाल पेनानं खूण करतात.